ऐकणारा असला म्हणजे : खानापूर तालुक्यातील एका वाचनालयाचे दोन उन्हाळे

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, विट्याच्या आसपासच्या एका गावी, तेथील सार्वजनिक वाचनालयाने २०२३ आणि २०२४ या दोन उन्हाळी सुट्ट्यांत मुलांसाठी वाचनाचा उपक्रम चालवला. पहिल्या वर्षीचा उपक्रम गाजला आणि फसला. दुसऱ्या वर्षीचा फारसा गाजला नाही, पण तो अजून पुरता थांबलेलाही नाही. मी त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असून वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावरही आहे. त्यामुळे दोन्ही उपक्रमांच्या आखणीत, आणि म्हणून पहिल्याच्या फसण्यातही, माझा वाटा आहे. गावाचे आणि मुलांचे नाव या टिपणात मुद्दामच घेतलेले नाही.

गाव आणि चौथे कपाट

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ नुसार ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. आमचे वाचनालय ‘ड’ वर्गातले आहे, म्हणजे एक खोली, एक अर्धवेळ ग्रंथपाल, तीन वर्तमानपत्रे आणि चार लोखंडी कपाटे. पहिल्या कपाटात कादंबऱ्या, दुसऱ्यात पोथ्या व चरित्रे, तिसऱ्यात स्पर्धा परीक्षांची पुस्तके आहेत. चौथ्यावर ‘बालविभाग’ अशी पाटी असून त्याची किल्ली ग्रंथपालांच्या खणात असे. मुलांनी पुस्तके फाडली किंवा हरवली की तपासणीच्या वेळी दाखल नोंदवही, म्हणजे वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणारी वही, आणि कपाट यांचा मेळ बसत नाही आणि उत्तर ग्रंथपालांनाच द्यावे लागते. तेव्हा त्या कुलपामागे आकस नव्हता, भीती होती, आणि ती मला आजही रास्त वाटते.

कुलपाआडची पुस्तके मात्र फार हेवा करण्यासारखी नव्हती. आर्थिक वर्ष संपता संपता अनुदान खर्ची टाकण्यासाठी एकगठ्ठा घेतलेल्या बोधकथा, बारीक टाइपातली थोर पुरुषांची चरित्रे आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तिका असा तो संग्रह होता. मोठ्या अक्षरांची, पानभर चित्रांची, पहिली-दुसरीतल्या मुलाला एकट्याने वाचता येतील अशी पुस्तके वीसदेखील नव्हती.

गावाची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. खानापूर आणि आटपाडी हा दुष्काळी पट्टा, आणि इथली शेकडो कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. सराफांकडची मोड आणि झाडलोटीतली धूळ आटवून त्यातून शुद्ध सोने-चांदी काढणे हे गलाईचे काम. कोइमतूर, कानपूर, कोची, कुठेही सराफ बाजारात जावे तर विट्याकडची बोली कानावर पडते. ही कुटुंबे एप्रिल-मेमध्ये यात्रा आणि लग्नसराईसाठी गावी येतात, आणि एरवी निम्मी रिकामी असलेली घरे महिना-दीड महिना मुलांनी भरून जातात. या पाहुण्या मुलांना मराठी बोलता येते, पण त्यांतली बरीच मुले मराठी वाचू शकत नाहीत. गावातल्या मुलांचे आईवडील त्याच दिवसांत द्राक्षबागेच्या एप्रिल छाटणीत गुंतलेले असतात. म्हणजे घरात मुले पुष्कळ, मोठी माणसे कामाला गेलेली, आणि सोप्यावर, म्हणजे घराच्या ओसरीवर, एखादी आजी राखणीला, असे मे महिन्यातल्या दुपारचे चित्र असते.

पहिला उन्हाळा : एक्केचाळीस पुस्तके

२०२३ साली १ मे रोजी ध्वजवंदन आणि निकालवाटप झाल्यावर आम्ही शाळेच्या पटांगणातच स्पर्धा जाहीर केली. सुट्टीत जो सर्वांत जास्त पुस्तके वाचील त्याला दप्तर, दुसऱ्याला कंपासपेटी आणि पाण्याची बाटली, तिसऱ्याला रंगपेटी. बक्षिसांचा खर्च गावच्याच एका गलाई व्यावसायिकाने उचलला. एक पुस्तक वाचून परत केले की मुलाच्या नावापुढे एक रेघ ओढायची आणि एकच पुस्तक दोनदा मोजायचे नाही, एवढेच नियम होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला वाचनालयाच्या जिन्यावर रांग लागली. ग्रंथपालांनी तिचा फोटो काढला, तो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरला, आणि आम्हां सर्वांना बरे वाटले.

आठवडाभरात मुलांनी कपाटाची नवी मांडणी स्वतःच शोधून काढली. ती विषयाने नव्हती, जाडीने होती. सोळा पानी पुस्तिका आधी संपल्या, मग चोवीस पानी, आणि जाड पुस्तकांना कोणी हातही लावला नाही. चौथी उत्तीर्ण झालेल्या एका मुलाच्या नावापुढे अकरा दिवसांत एक्केचाळीस रेघा झाल्या. शेवटच्या पुस्तकात काय होते असे मी त्याला विचारले, तेव्हा त्याने मुखपृष्ठावरचे चित्र अगदी नेमके वर्णन करून सांगितले आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याला लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. आम्ही पुस्तके नेण्या-आणण्याची शर्यत लावली होती आणि तो ती सचोटीने पळत होता.

दुसरी गोष्ट अधिक वाईट होती, पण ती लक्षात यायला वेळ लागला. माझ्या वर्गातली दोन-तीन मुले आधीपासून आपणहून वाचणारी होती. त्यांतली एक मुलगी जाड पुस्तके सावकाश वाचायची. ती चौथ्या-पाचव्या दिवशीच गळाली, कारण फलकावर तिच्या नावापुढे तीन रेघा होत्या आणि इतरांपुढे वीस. जिला वाचनाची ओढ होती तिलाच आम्ही सर्वांदेखत मागे पाडले होते.

देणगीदारांना परत दुकानाला जायचे असल्याने बक्षीस समारंभ २५ मे रोजीच उरकला. शाळा सुरू व्हायला तेव्हा जवळजवळ तीन आठवडे बाकी होते. समारंभानंतर वाचनालयात मुलांची वर्दळ एकदम थांबली.

बक्षिसाच्या परिणामावरचा एक प्रसिद्ध प्रयोग मी डी.एड.च्या अभ्यासात वाचलेला होता. तो मला नंतर आठवला, आधी आठवला असता तर बरे झाले असते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात बालवाडीतल्या, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांच्या एका गटाला आधी सांगून प्रमाणपत्र दिले. पुढे एक-दोन आठवड्यांनी पाहिले तेव्हा हा गट इतर मुलांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रे काढत होता. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळाले किंवा मिळालेच नाही, त्यांची आवड कमी झालेली नव्हती. हा निष्कर्ष आमच्या गावाला जसाच्या तसा लावता येणार नाही. त्या सावकाश वाचणाऱ्या मुलीला तो लागू पडतो. एक्केचाळीस रेघांच्या मुलाला लागू पडत नाही, कारण त्याची मुळात आवडच नव्हती, मग कमी काय होणार? त्याचा प्रश्न निराळा होता आणि तो आम्हाला तेव्हा दिसलाच नाही.

एकच दाखल क्रमांक

जूनमध्ये ग्रंथपाल देवघेव नोंदवहीची बेरीज करत असताना त्यांनी मला एक चूक दाखवली. पाचवीत गेलेल्या एका मुलीच्या नावावर एकच दाखल क्रमांक सहा वेळा पडला होता, आणि त्या सहा नोंदींपैकी चार २५ मेनंतरच्या होत्या. दुबार नोंद झाली असावी असे त्यांना वाटले. मी त्या मुलीच्या घरी गेलो, तेव्हा उलगडा झाला. तिचा सहा वर्षांचा आतेभाऊ कोइमतूरहून आला होता. हरवलेल्या म्हशीची गोष्ट असलेले एक चित्रांचे पुस्तक तिने त्याला एकदा वाचून दाखवले, आणि मग तो रोज दुपारी जेवण झाले की “आक्का, म्हस वाच की” म्हणून मागे लागायचा. पुस्तक परत केले की दुसऱ्या दिवशी पुन्हा आणावे लागे. बक्षिसासाठी हे वाचन मोजले जाणार नाही हे तिला ठाऊक होते. समारंभ होऊन गेल्यावर मोजायला कोणी उरलेलेही नव्हते.

तिला मी ते पुस्तक वाचून दाखवायला सांगितले. वर्गात ती चाचपडत, शब्दावर बोट ठेवून वाचणारी मुलगी होती. इथे तिने म्हशीचा मालक खर्जात बोलवला, म्हशीला हाका मारताना आवाज लांबवला, आणि पान उलटण्याआधी थांबून आतेभावाकडे पाहिले. पुस्तकात ‘नव्हते’ होते तिथे ती ‘नव्हतं’ म्हणत होती आणि एका ठिकाणी तर चक्क ‘न्हवती गा’. शिक्षक म्हणून मला ते दुरुस्त करण्याची इच्छा झाली नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. पण मी गप्प बसलो.

एकच मजकूर पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचल्याने वाचनाचा ओघ सुधारतो, ही गोष्ट वाचनशास्त्रात नवी नाही. सॅम्युएल्स यांनी १९७९ साली या पद्धतीची रीतसर मांडणी केली होती. अडचण अशी की कोणतेही मूल एकच धडा सहा वेळा आनंदाने वाचत नाही. त्याला तसे वाचण्यासाठी कारण लागते, आणि इथे ते कारण सोप्यावर मांडी घालून बसलेले होते. दुसऱ्या वर्षाचा सगळा बेत या एका नोंदीवरून ठरला. मुलाने किती वाचले हे विचारायचे नाही, कोणाला वाचून दाखवले एवढेच विचारायचे.

दुसऱ्या उन्हाळ्याची तयारी

तयारीतले पहिले भांडण किल्लीचे झाले. जानेवारी २०२४ च्या सभेत मी ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीतले पहिले सूत्र, ग्रंथ हे उपयोगासाठी असतात, वाचून दाखवले. ग्रंथपालांनी शांतपणे विचारले की तपासणीला रंगनाथन येणार आहेत का. त्यांचे म्हणणे खरे होते. अखेर तोडगा असा निघाला की दाखल पुस्तके कपाटातून नेहमीच्या पद्धतीने द्यायची, आणि ज्यांना दाखल क्रमांकच नाही अशी पुस्तके निराळी जमवून कुलपाबाहेर ठेवायची. ती हरवली तर हरवली.

अशी पुस्तके तीन ठिकाणांहून आली. पहिले म्हणजे, ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुलांच्या सचित्र गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. श्रेय देऊन त्या कोणालाही मोफत छापता आणि वाटता येतात. त्यांचे चार स्तर केलेले असून पहिल्या स्तरात पानावर एखादेच वाक्य असते. आम्ही मराठीतल्या साठेक गोष्टी विट्याच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतल्या, त्यातल्या थोड्याच रंगीत, आणि यंत्रमागावरच्या उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून त्यांत घातल्या. दुसरे म्हणजे बालभारतीचे ‘किशोर’ मासिक. ते १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. त्यांतून निवडक गोष्टी, कोडी आणि कविता काढल्या. तिसरा मार्ग नॅशनल बुक ट्रस्टच्या स्वस्त मराठी बालपुस्तकांचा. ती मात्र विकत घेतली.

पुस्तके ठेवायची कुठे, हा प्रश्न आमच्या शेजारच्याच जिल्ह्याने सोडवून ठेवलेला होता. साताऱ्यातले पाचगणीजवळचे भिलार ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ झाले, आणि तिथे एक मोठे ग्रंथालय बांधण्याऐवजी राहत्या घरांत, देवळांत, शाळेत मिळून सुरुवातीला पंचवीस ठिकाणी विषयवार पुस्तके मांडली गेली. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ती कल्पना घेतलेली आहे. आमच्याकडे पर्यटक येणार नव्हते आणि तेवढी पुस्तकेही नव्हती, परंतु ‘घरात पुस्तके’ एवढा भाग उचलता येण्याजोगा होता. मुलांना भिलारची सहल घडवावी अशीही सूचना आली. गाडीभाड्याचा आकडा ऐकून ती पुढे ढकलली, ती अजून पुढेच आहे. गावातले पाच सोपे आम्ही निवडले. निकष एकच होता : दुपारी घरात म्हातारे माणूस असले पाहिजे आणि त्याला मुलांचा कालवा सहन झाला पाहिजे. प्रत्येक सोप्यावर खुंटीला एक पिशवी टांगली. वेळ दुपारी एक ते चार ठेवली, कारण उन्हामुळे तेव्हा मुलांना बाहेर सोडत नाहीत. पहिल्या वर्षी सकाळी दहाची वेळ कोणी आणि का ठरवली होती, हे मला आता आठवत नाही; बहुधा ती ग्रंथपालांच्या सोयीची होती.

नोंदीसाठी प्रत्येक सोप्यावर एक वही ठेवली. तिच्यात वाचणाऱ्याने काही लिहायचे नव्हते. ऐकणाऱ्याने सांगायचे आणि जवळच्या कोणीतरी लिहायचे : कोणी वाचले, काय वाचले, पुन्हा ऐकायचे आहे का. बक्षीस जाहीर केले नाही. गेल्या वर्षीच्या देणगीदारांना ते थोडे खटकले.

काय घडले

पहिल्या आठवड्यात बरेच काही बिघडले. मुले हाताला येईल ते पुस्तक उचलून वाचू लागली आणि ऐकणारे उठून जाऊ लागले. चिमुरडी पोरे फार प्रामाणिक असतात. कंटाळा आला की ती सरळ मांजरामागे पळतात. एका सोप्यावर तर आजीच घोरायला लागल्या. “आज्जे, झोपलीस व्हय?” असे नातवाने विचारल्यावर त्यांनी डोळे न उघडता उत्तर दिले, “तू काय वाचतोयस त्ये तुला तरी कळतंय का?” हा प्रश्न मी वर्षभर वर्गात विचारतो, पण तो असा लागलेला मी कधी पाहिला नाही. तो नातू दुसऱ्या दिवशी तासभर आधी येऊन कोपऱ्यात पुस्तक पुटपुटत बसलेला दिसला. तेव्हापासून आधी एकदा मनात वाचायचे आणि मग दुसऱ्यासमोर वाचायचे, हा प्रघात मुलांमध्येच पडला. आम्ही तो नियम म्हणून सांगितला असता तर गृहपाठ झाला असता.

याच वेळी पुस्तक निवडण्याचे कामही बदलले. अमेरिकेत फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांतील शाळांमध्ये अ‍ॅलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना उन्हाळ्याआधी, त्यांनीच निवडलेली बारा पुस्तके सलग तीन वर्षे देऊन पाहिली; त्या मुलांची वाचनातली प्रगती इतरांपेक्षा चांगली आढळली. मुलाने स्वतः निवडावे हे त्या अभ्यासाचे मर्म समजले जाते. आमच्याकडे मुले स्वतःसाठी निवडत नव्हती, ऐकणाऱ्यासाठी निवडत होती, आणि माझ्या निरीक्षणाप्रमाणे त्यामुळे निवड अधिक काटेकोर झाली. “हे नको, त्याला भुताची भीती वाटते”, “आजीला राजाच्या गोष्टी आवडत नाहीत, जनावरांच्या आवडतात”, असे संवाद पिशवीभोवती ऐकू येऊ लागले. एका आजीने लहानपणी वडिलांकडून ऐकलेल्या जुन्या मासिकांची चौकशी केली. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर’ १९२० पासून, ‘स्त्री’ १९३० पासून आणि ‘मनोहर’ १९३४ पासून निघत असे. वाचनालयाच्या माळ्यावर ‘स्त्री’चे काही बांधीव अंक सापडले आणि सहावीतली तिची नात त्यांतले पत्रव्यवहाराचे सदर वाचून दाखवू लागली. त्यातले निम्मे नातीला समजत नसे. आजी ते समजावून सांगत असे, आणि मग ऐकणारे कोण व सांगणारे कोण हे ठरवणे अवघड होई.

पाहुण्या मुलांमुळे भाषेची एक गंमत पुढे आली. कानपूरच्या बहीण-भावंडांना शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी येत होती, त्यामुळे ती सरळ वाचू लागली, पण ‘कावळा’चा ‘कावला’ करत. कोइमतूरच्या मुलाला देवनागरीतले एकही अक्षर येत नव्हते, ‘ळ’ मात्र तो सुरेख म्हणे, कारण तमिळमध्ये तो आहेच. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतल्या च-चा उच्चार निराळा आहे आणि लिपी तो दाखवत नाही, हे गावातल्या मुलांनी यापूर्वी कधी पाहिलेच नव्हते. कानपूरच्या मुलीने ‘गाईचा चारा’ तिच्या पद्धतीने वाचल्यावर सगळा सोपा हसला, आणि मग आपण हे कसे ओळखतो यावर पुष्कळ वेळ वाद चालला. व्याकरणाच्या तासाला मला इतके लक्ष मिळालेले नाही.

स्टोरीवीव्हरवर तीच गोष्ट अनेक भाषांत असते. तमिळ येणारा तो मुलगा आता सात वर्षांचा होता आणि वर्षभर नुसता ऐकणारा म्हणून त्याला थोडे कमीपण वाटत असावे. त्याच्यासाठी आम्ही एका गोष्टीची तमिळ प्रत छापून आणली. मुलांनी ती गोष्ट मराठीत इतक्यांदा ऐकलेली होती की त्याने तमिळमध्ये वाचायला सुरुवात केल्यावर चित्रांच्या आधाराने त्यांना पानापानाचा अर्थ लागत गेला. म्हशीला तमिळमध्ये ‘एरुमै’ म्हणतात, हे त्या सोप्यावरची सगळी मुले आजही सांगतील.

सातवीतला मुलगा

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग माझ्या मते हा आहे, आणि तो आम्ही आखलेला नव्हता.

सहावी संपवून सातवीत जाणारा एक मुलगा वर्गात वाचायची वेळ आली की चष्मा घरी राहिला, घसा बसला, अशी कारणे सांगत असे. त्याला जोडाक्षरे येत नव्हती आणि साधे वाक्यही अडखळतच वाचता येई. असा तो एकटाच नाही. ‘असर’ या देशव्यापी शैक्षणिक पाहणीत वर्षानुवर्षे दिसते की देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येत नाही. अशा मुलाला दुसरीचे पुस्तक द्यावे हे शास्त्राला धरून आहे. पण मिसरूड फुटू लागलेल्या मुलाच्या हाती मित्रांसमोर बदकाचे पुस्तक देणे म्हणजे त्याचा पाणउतारा करणे होय. मी ते एकदा करून पाहिले होते आणि पुढे आठवडाभर तो शाळेत आला नव्हता.

त्याच्या घरच्या सोप्यावर पिशवी टांगलेली होती आणि त्याची आई छाटणीला जात असल्याने चार वर्षांची बहीण व दोन चुलत भावंडे त्याच्यावर सोपवलेली असत. त्यांना शांत ठेवण्यासाठी त्याने बदकाचे पुस्तक उचलले. ते पोरांसाठी होते. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. मित्र हाक मारायला आले तरी “थांबा, ह्यांना वाचून दावतोय” एवढे सांगून भागत असे. त्या सोप्यावरच्या वहीत त्याच्या चुलत बहिणीने लिहिलेल्या नोंदी मी नंतर वाचल्या. पहिले नऊ दिवस पहिल्या स्तराच्या त्याच चार गोष्टी होत्या, मग दुसऱ्या स्तराच्या आल्या. मेअखेरीस एक नोंद होती : ‘दादाने आज दोन वेळा वाचले. एक वेळा कोणी नव्हते तरी वाचले.’

त्या मुलाला जोडाक्षरे आता पूर्ण येतात असा माझा दावा नाही. जूनमध्ये त्याने वर्गात पहिल्यांदाच, आपला क्रमांक आल्यावर, कारण न सांगता चार ओळी वाचल्या आणि दोन ठिकाणी अडला. गेल्या वर्षीचा एक्केचाळीस रेघांचा मुलगाही याच जातीचा होता, हे मला तेव्हा कळले. त्याला वाचता येत नव्हते म्हणून तो मुखपृष्ठे वाचत होता. रेघांच्या फलकाने त्याला ते झाकायला जागा दिली आणि आम्ही त्याला दप्तर दिले.

जे जमले नाही

सांगली मतदारसंघाचे मतदान ७ मे २०२४ रोजी होते. प्रशिक्षण, साहित्यवाटप आणि प्रत्यक्ष कर्तव्य यांत माझे ऐन सुरुवातीचे दिवस गेले. मी नसताना दोन सोपे बंद पडले आणि तीन चालू राहिले. चालू राहिलेल्या तिन्ही ठिकाणी वहीचा ताबा एखाद्या मोठ्या मुलीकडे होता. बंद पडलेल्या ठिकाणी सगळे माझी वाट पाहत होते. यावरून मी काय घ्यायचे ते घेतले आहे.

आठवीच्या पुढची मुले आलीच नाहीत. त्यांच्यासाठी आमच्याकडे पुस्तके नव्हती आणि धाकट्यांना वाचून दाखवणे त्यांच्यातल्या मुलग्यांना कमीपणाचे वाटले. मुलींना घरकामातून सवड मिळाली नाही. सोपे आणि पिशव्या हा त्यांच्यासाठीचा उपाय नव्हे, आणि दुसरा उपाय अजून सुचलेला नाही.

छापील गोष्टींपैकी जवळपास एक तृतीयांश परत आल्या नाहीत. काही फाटल्या, काही शेळीने खाल्ल्या असे सांगण्यात आले, आणि बऱ्याच पाहुण्यांच्या सामानातून कोइमतूर-कानपूरला गेल्या. ग्रंथपाल हे ऐकून हसले, कारण त्यांच्या नोंदवहीतले एकही पुस्तक कमी झालेले नव्हते. त्या जूनमध्ये त्यांनी बालविभागाची किल्ली खणातून काढून भिंतीवरच्या खिळ्याला लावली. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही.

१५ जूनला शाळा उघडली तेव्हा पाहुणे निघून गेले होते आणि ऐकणारे निम्म्याने घटले होते. आजी सोप्यावर आहेत, पण शाळेच्या दिवसांत दुपार मोकळी नसते. पाचवीतली, आता सहावीत गेलेली, ती मुलगी आईच्या फोनवरून आतेभावाला गोष्टी वाचून पाठवू लागली. रविवारी एक, कधी दोन. मोबाइलने मुलांचे वाचन बुडवले असे पालकसभेत मी अनेकदा म्हटले आहे, त्यामुळे या प्रकाराकडे मी काही दिवस दुर्लक्षच केले. तिचे पाहून आणखी तिघीचौघींनी तेच सुरू केले. पावसाळ्यानंतर ते विरळ झाले, दिवाळीत पुन्हा वाढले आणि परीक्षांच्या काळात थांबले.

एप्रिल २०२५ मध्ये, छाटणी सुरू होऊन आठवडाही झाला नसेल, त्या मुलीने वाचनालयात येऊन ग्रंथपालांना फोनवरचा एक आवाजी संदेश ऐकवला. कोइमतूरहून आलेला तो संदेश आठ-दहा सेकंदांचा होता : “आक्का, म्हशीचं पुस्तक कुणी नेलंय का बघ. नेलं असलं तर आणून ठिव. ह्या येळंला मी वाचणार हाय.” ग्रंथपालांनी दाखल क्रमांक न पाहताच कपाटातून ते पुस्तक काढले आणि तिच्या नावावर लिहून दिले.